सिसी ‘मुखाबरात’चे प्रमुख कधीच नव्हते

इजिप्तचे अध्यक्ष अब्देल फत्ताह अल-सिसी २६ जानेवारी २०२३ ला दिल्लीत प्रमुख पाहुणे होते. त्यांचा एक चटपटीत परिचय सगळीकडे फिरतो: ‘आयुष्यभर हेरगिरी केली, १९७३ च्या युद्धात लढले, मुखाबरातचे प्रमुख झाले आणि ब्रदरहुडचे छुपे माणूस म्हणून मोर्सींनी त्यांना संरक्षणमंत्री केलं.’ (१९७३ चं युद्ध म्हणजे इस्रायलशी झालेलं; इथे ‘मुखाबरात’ म्हणजे इजिप्तची मुख्य गुप्तचर संस्था; ब्रदरहुड म्हणजे मुस्लिम ब्रदरहुड ही इस्लामी संघटना, आणि तिचेच मोर्सी २०१२-१३ मध्ये इजिप्तचे अध्यक्ष होते.) चारही विधानं चुकीची आहेत.

युद्धाचं आधी उरकून टाकू, कारण तिथे नुसती वजाबाकी पुरते. जन्म १९ नोव्हेंबर १९५४ चा, लष्करी अकादमीतून बाहेर पडले १९७७ मध्ये. ऑक्टोबर १९७३ मध्ये त्यांना एकोणीस वर्षंही पूर्ण झाली नव्हती, मग अधिकारी म्हणून लढणार कुठून? जानेवारी २०१४ मध्ये फील्ड मार्शल हे पद मिळालं तेही रणांगणावरच्या कामगिरीसाठी नव्हे.

‘आयुष्यभर हेरगिरी’ हेही तसंच. मूळचे ते यांत्रिकी पायदळाचे. बटालियन, ब्रिगेड, डिव्हिजन अशा पायऱ्या चढले. मध्ये १९९२ ला ब्रिटनमधला स्टाफ कोर्स, सौदी अरेबियात रियाधला लष्करी अताशे (दूतावासातला लष्करी प्रतिनिधी), २००५-०६ मध्ये अमेरिकेच्या कार्लाईल इथलं आर्मी वॉर कॉलेज आणि पुढे अलेक्झांड्रियाच्या उत्तर लष्करी विभागाची कमान. लष्करी गुप्तवार्ता विभागाचे संचालक ते २०१० ते ऑगस्ट २०१२ या काळात होते. पस्तीस वर्षांच्या नोकरीत त्या खुर्चीवर अडीच-पावणेतीन वर्षं.

खरा घोळ आहे तो ‘मुखाबरात’ या शब्दाचा. अरबीत त्याचा अर्थ नुसता ‘गुप्तवार्ता’, आणि इजिप्तमध्ये तो दोन वेगळ्या खात्यांच्या पाटीवर आहे. ‘मुखाबरात आम्मा’ म्हणजे सर्वसाधारण गुप्तचर संस्था: १९५४ साली स्थापन झालेली, थेट अध्यक्षांच्या हाताखाली, परदेशातली कामं आणि गाझा-इस्रायलच्या वाटाघाटी बघणारी. ‘मुखाबरात हरबिया’ म्हणजे लष्करी गुप्तवार्ता: ती संरक्षणमंत्र्यांच्या हाताखाली, काम शत्रूच्या सैन्याची टेहळणी आणि स्वतःच्याच अधिकाऱ्यांच्या निष्ठेवर नजर. गृहखात्याची राष्ट्रीय सुरक्षा शाखा तिसरीच. सिसी होते दुसरीत. बातम्यांत तिन्हींना सरसकट ‘गुप्तचर प्रमुख’ म्हटलं की वाचकाचा गोंधळ होणारच. त्यात ओमर सुलेमान हे दुसरेच एक लष्करी अधिकारी आधी लष्करी गुप्तवार्तेत आणि १९९३ पासून आम्माच्या प्रमुखपदी होते; त्यांची वाट सिसींच्या नावावर चिकटली असावी.

ऑगस्ट २०१२ चा एक आठवडा पाहिला तर फरक लख्ख दिसतो. ५ तारखेला सिनाईत रफाहजवळच्या चौकीवर हल्ला झाला, १६ सैनिक मारले गेले. ८ तारखेला मोर्सींनी आम्माचे प्रमुख मुराद मुवाफी यांना घरी बसवलं. १२ तारखेला संरक्षणमंत्री तंतावी आणि सरसेनाध्यक्ष सामी अनान निवृत्त झाले, आणि तंतावींच्या जागी सिसी आले. आम्माची जागा चार दिवस आधीच रिकामी झाली होती. ती सिसींना दिली गेली नाही.

ब्रदरहुडचं काय? सिसी धार्मिक वृत्तीचे, त्यामुळे कुजबुज सुरू झाली. पण मोर्सींना ते माहीत होते ते कामामुळे. मोर्सींच्या आधीचे अध्यक्ष मुबारक २०११ मध्ये पायउतार झाल्यावर सत्ता लष्करी परिषदेकडे आली. सिसी तिचे सर्वांत तरुण सदस्य, आणि ब्रदरहुडशी बोलणी करणाऱ्यांत लष्करी गुप्तवार्तेचे संचालक असणं ओघानेच आलं. शिवाय ते तंतावींच्या मर्जीतले. म्हणजे मोर्सींनी आपला माणूस आणला नाही. लष्कराला खपेल असा वारसदार निवडला. त्याच सिसींनी ३ जुलै २०१३ ला मोर्सींना पदच्युत केलं, याला ‘छुप्या माणसाचा विश्वासघात’ म्हणण्यापेक्षा लष्कराने लष्कराची बाजू घेतली म्हणणं जास्त नेमकं.

त्या काळातली एक गोष्ट या परिचयात मात्र सोयीने गळते. मार्च २०११ मध्ये कैरोच्या तहरीर चौकातून पकडलेल्या स्त्रियांच्या लष्कराने ‘कौमार्य चाचण्या’ केल्या. जूनमध्ये सिसींनी ॲम्नेस्टी या मानवाधिकार संघटनेच्या प्रतिनिधींसमोर त्यांचं समर्थन केलं: सैनिकांवर बलात्काराचा आळ येऊ नये म्हणून, असं कारण देऊन. देशाबाहेर त्यांचं नाव प्रथम गाजलं ते याच प्रकरणात. डिसेंबरमध्ये कैरोच्या न्यायालयाने त्या चाचण्यांना मनाई केली.

आम्मावर सिसींचा ताबा आला तो अध्यक्ष झाल्यावर. लष्करी गुप्तवार्तेची खुर्ची त्यांच्यानंतर त्यांचे व्याही महमूद हेगाझी यांच्याकडे गेली होती. आणि सिसींच्या कार्यालयाचे प्रमुख, मूळचे लष्करी गुप्तवार्तेतले अब्बास कामेल, २०१८ मध्ये आम्माचे प्रमुख झाले.