स्पीक डिबेट हरला म्हणे! अहो, डिबेट झालीच कुठे?

आफ्रिकेत नाईल नदीचा उगम शोधायला एकत्र गेलेले दोन ब्रिटिश प्रवासी, स्पीक आणि बर्टन, त्यांच्याबद्दल भाचीच्या नववीच्या प्रोजेक्टमध्ये काल हे वाचलं: "स्पीकने बर्टनचा शोध चोरला, बर्टनने भर सभेत त्याची लाज काढली, आणि त्याच रात्री त्याने स्वतःला गोळी घातली." कुठून घेतलंस विचारलं तर आमच्याच फॅमिली ग्रुपवरचा फॉरवर्ड. खाली दहा अंगठे, त्यात एक माझ्या नवऱ्याचा.

नाईलच्या उगमावरची ती डिबेट बाथ शहरात १६ सप्टेंबर १८६४ ला ठरली होती. स्पीक गेला १५ ला, दुपारी चारच्या सुमारास. म्हणजे मेल्यावर दुसऱ्या दिवशी येऊन हरला का हा? जवळच नेस्टन पार्कला नात्यातल्या भावासोबत तितर मारायला गेला होता, दोनेक फुटांची दगडी भिंत ओलांडताना बंदूक उडाली, जखम डाव्या काखेखाली. लांब नळीची बंदूक काखेखाली धरून कोण जीव देतं, चापापर्यंत हात तरी पोचायला नको? रीतसर चौकशी झाली, ज्युरीने अपघात म्हटलं. आता तो टेन्शनमध्ये होता हे मान्य, त्याच दिवशी बर्टन समोर दिसल्यावर सभेतून उठून गेला होता, त्यामुळे कुजबुज तेव्हाही झाली. पण निदान तारीख तरी बघा की फॉरवर्ड करण्याआधी!

चोरीचं म्हणाल तर ऑगस्ट १८५८ मध्ये स्पीकने व्हिक्टोरिया तलाव बघितला तेव्हा बर्टन काझेला, म्हणजे आजच्या टाबोराला, आजारी होता. त्याने तलाव पाहिलाच नाही, वर नाईल तिथून निघते हेही त्याला पटेना, मग चोरलं काय? हां, स्पीक लंडनला आधी पोचून श्रेय घेऊन मोकळा झाला, ते काही शोभलं नाही. पुरावाही कच्चाच, दक्षिणेचं टोक बघून अख्ख्या तलावाबद्दल बोलत सुटला. १८७५ ला स्टॅनली नावाच्या दुसऱ्या प्रवाशाने तलावाला फेरी मारली तेव्हा कुठे त्याचं म्हणणं खरं ठरलं.

आणि ते "एकट्या गोऱ्याने जंगल तुडवून शोध लावला"? उत्तरेला मोठा तलाव आहे हे काझेच्या अरब व्यापाऱ्यांनीच सांगितलं. सोबत सिदी मुबारक बॉम्बे होता, लहानपणी गुलाम म्हणून पकडून हिंदुस्थानात आणलेला, मालक मेल्यावर सुटून आफ्रिकेत परतलेला. स्पीक त्याच्याशी हिंदुस्तानीत बोलायचा, तो पुढच्यांना स्वाहिलीत सांगायचा. फॉरवर्डमध्ये त्याचा पत्ताच नाही.

भाचीला म्हटलं, ते वाक्य खोड आणि तिथे बॉम्बेचं नाव लिही. नवऱ्याचा अंगठा अजून तसाच आहे.