खुलासा : प्रमाणपत्र नाही म्हणून प्रवेश अडत नाही

जळगाव, धुळे, नंदुरबारच्या पालकांमध्ये एक मेसेज फिरतोय : ‘दिव्यांग प्रमाणपत्राशिवाय साध्या शाळेत प्रवेश नाही आणि ४० टक्क्यांच्या वर अपंगत्व असेल तर विशेष शाळाच.’ दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत मोफत शिकण्याचा हक्क आहे. निवड कुटुंबाची. प्रमाणपत्र लागतं ते सवलतींसाठी. ते जरूर काढा, पण तोवर मूल घरी बसवू नका.

प्रवेशानंतरचं काम मात्र बारकाईचं आहे. कमी ऐकू येणाऱ्या मुलाला पहिल्या-दुसऱ्या बाकावर, पंख्याच्या घरघरीपासून दूर बसवा. उजेड शिक्षकांच्या चेहऱ्यावर हवा. खिडकीला पाठ करून उभं राहिलं की ओठ दिसत नाहीत. फळ्याकडे तोंड करून बोलू नका. श्रवणयंत्र रोज सकाळी तपासा : सुरू करून बंद मुठीत धरल्यावर शिट्टी वाजली नाही, तर आधी बॅटरी बघा. नव्या झिंक-एअर (हवेच्या संपर्कात आल्यावर सुरू होणाऱ्या) बॅटरीचं स्टिकर काढून मिनिटभर थांबा, मगच बसवा.

आणखी एक, फार महत्त्वाचं. घरी अहिराणी, भिली किंवा पावरी बोलणारं मूल प्रमाण मराठीतल्या सूचनेवर गप्प राहिलं, तर लगेच ‘मतिमंद’ ठरवू नका. तीच सूचना घरच्या बोलीत देऊन बघा. ‘माले समजनं नही’ म्हणणारं मूल अडचण नेमकी सांगतंय.