बाजार पाहावा अडवून

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे आपले वाडवडील सांगून गेले. बाजार कसा पाहावा, हे सांगायचे मात्र राहून गेले. ही उणीव भरून काढण्याचा योग मला गेल्या शनिवारी आला. आमची गाडी नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमच्या ब्लाक स्थानकापुढे जाणार नाही आणि पुढची गाडी पन्नास मिनिटांनी आहे, अशी घोषणा झाली. पोटात भूक होती आणि स्थानकाबाहेर पडताच समोर मार्क्टहाल, म्हणजे त्या शहराची प्रसिद्ध बंदिस्त मंडई, उभी होती. पाव आणि थोडे चीज घेऊन वीस मिनिटांत परतावे, एवढाच माझा बेत होता. पन्नास मिनिटांनंतरची ती गाडीही माझी चुकली. ती का चुकली याचा फलाटावर बसून विचार करताना, अशा ठिकाणी न ठरवता जाऊन पोहोचलेल्या पर्यटकाने कसे वागावे याचे काही नियम माझ्या ध्यानात आले. होतकरूंच्या सोयीसाठी ते येथे देत आहे.

प्रथम, दारातच थांबावे. ही इमारत घोड्याच्या एखाद्या प्रचंड नालेच्या आकाराची आहे आणि तिची दोन्ही उघडी तोंडे, रॅकेटच्या जाळीप्रमाणे ताणलेल्या पोलादी तारांवर तोललेल्या काचांनी बंद केलेली आहेत. दार ओलांडताच 40 मीटर उंचीची कमान डोक्यावर येते आणि तिच्या आतल्या अंगावरून अवाढव्य फळे, मासे, कणसे, फुले आणि किडेसुद्धा आपल्या अंगावर कोसळत असल्याचा भास होतो. आर्नो कूनन आणि आयरिस रोसकाम या कलावंतांनी रचलेले हे चित्र सुमारे 11,000 चौरस मीटरचे असून, ग्रीक पुराणातल्या अक्षय अन्नाच्या शिंगावरून, म्हणजे आपल्या अक्षयपात्राच्या लांबच्या नातलगावरून, त्याला नाव दिलेले आहे. एवढे मोठे चित्र चार पावले पुढे गेल्याने लहान होण्याचा धोका असल्यामुळे उंबरठ्यावरच मान वर करून खिळून राहावे. मागे बाबागाडी घेऊन उभ्या असलेल्या बाईला घाई नसते. भाजीची पिशवी दोन्ही हातांत धरलेल्या आजोबांना तर मुळीच नसते.

‘फक्त कार्ड’ अशी पाटी लावलेल्या गाळ्यावर मोठी नोट पुढे करावी आणि पाटी डच भाषेत होती ही सबब हाताशी ठेवावी.

बाहेरच्या मैदानात मंगळवारी आणि शनिवारी भरणाऱ्या उघड्यावरच्या बाजाराकडे ढुंकूनही पाहू नये, कारण त्याला छत नाही.

चव घेण्याच्या बाबतीत संकोच नसावा. चीजच्या गाळ्यावर एक थाळी ठेवलेली असते आणि तिच्यात नखाएवढे तुकडे मांडलेले असतात. जेमतेम चार आठवडे मुरलेल्या चीजला तिथे ‘योंग’ म्हणतात, दहा महिने किंवा त्याहून अधिक मुरलेले ते ‘औट’, आणि यांच्या दरम्यान आणखी काही पायऱ्या आहेत. जिज्ञासू माणसाने एकही पायरी गाळू नये. मी ज्या गाळ्यासमोर उभा होतो तिथे विक्रेतीने दोन मुठींचा सुरा चीजच्या चाकावर ठेवून, टाचा उचलून, सगळा भार त्यावर टाकत एक तुकडा काढला, त्याचे बारीक तुकडे केले आणि थाळी भरली. चार जणांच्या एका कुटुंबाने ती थाळी मी पाकीट उघडेपर्यंत रिकामी केली. त्यातल्या गृहस्थांनी सर्वांत जुने चीज दोनदा चाखले, डोळे मिटून मान हलवली आणि अस्सल मराठीत निकाल दिला, “जरा खारट आहे.” मग टूथपिक त्याच थाळीत परत ठेवून मंडळी शेजारच्या गाळ्यावरच्या सुक्यामेव्याचा परामर्श घ्यायला गेली. विक्रेतीने ती टूथपिक उचलली, कचऱ्यात टाकली, थाळी पुसली आणि पुन्हा सुरा हातात घेतला. माझी पाळी त्यानंतर आली.

इमारतीच्या इतिहासाविषयी काहीही माहीत करून घेऊ नये. एमव्हीआरडीव्ही या वास्तुरचनाकार संस्थेने ती रचली, 1 ऑक्टोबर 2014 रोजी राणी माक्सिमा यांनी तिचे उद्घाटन केले, पाया खणताना सापडलेल्या जुन्या वस्तू वाहनतळाकडे उतरणाऱ्या जिन्यालगत मांडून ठेवल्या आहेत, असल्या तपशिलांनी छायाचित्र अधिक उजळ येत नाही. त्यापेक्षा, “एवढ्या लांब आलो, पण या शहरात जुने म्हणून काहीच नाही,” असे मोठ्याने म्हणावे. हे वाक्य सहजतेने म्हणता यावे यासाठी 14 मे 1940 या तारखेशी आपली ओळख नसणे आवश्यक आहे. त्या दिवशी जर्मन विमानांनी या शहराचा मध्यभाग बेचिराख केला होता, आणि मंडईपासून हाकेच्या अंतरावर असलेले लॉरेन्स चर्च पुढे वर्षानुवर्षे खपून पुन्हा उभे करावे लागले होते. एवढी वाताहत झालेल्या शहराने काही जुने जपून ठेवायला हवे होते, ही आपली तक्रार रास्तच आहे.

दूरध्वनीवर बोलायचे झाल्यास स्पीकर चालू ठेवून बोलावे. छताच्या पत्र्यांना बारीक भोके पाडून आवाज शोषून घेण्याची सोय वास्तुरचनाकारांनी केलेली आहे, तिची परीक्षा कोणी तरी घ्यायलाच हवी.

आता सर्वांत महत्त्वाचा नियम, खिडक्यांचा. ही कमान पोकळ नाही. तिच्या जाडीत 228 घरे आहेत. त्यांतल्या कित्येक घरांच्या खिडक्या थेट मंडईत उघडतात, म्हणजे पाहता येतात. गाळ्यांचा गलका आणि तळणीचा वास घरात शिरू नये म्हणून त्यांना तिहेरी काचा बसवल्या आहेत. नजर रोखणारी काच अद्याप कोणी बनवलेली नाही, हे आपले भाग्य. तेव्हा सगळ्यांत खालची, सगळ्यांत स्पष्ट दिसणारी खिडकी हेरावी आणि कॅमेरा जितका जवळ आणता येईल तितका आणावा. शनिवारी एका भल्यामोठ्या रंगीत फळाच्या पोटात बसलेल्या अशाच एका खिडकीत एक वयस्क बाई धुतलेले कप ओळीने पालथे घालत होत्या. खाली कोणाच्या तरी ते लक्षात आले, त्याने बोट दाखवले, आणि पाहता पाहता पंधरा-वीस फोन वर उठले. एकाने हात हलवला. दुसऱ्याने शीळ घातली. एक तरुण आपल्या प्रेक्षकांना समजावून सांगत होता की, हे लोक खरोखरच इथे राहतात, बघा, तिच्या हातात कप आहे! त्याच्या आवाजात वाघ दिसल्याचा आनंद होता. बाईंनी खाली पाहिले, हातातला कप तसाच ठेवला आणि पडदा ओढला. त्यावर खालून निराशेचा जो सूर निघाला, तो पावसामुळे सामना रद्द झाल्यावर निघतो तसा होता. पडदा पुन्हा उघडेल या आशेने सहा-सात जण तिथेच थांबून राहिले, आणि ते थांबले होते ती जागा, हे सांगायलाच हवे का, दोन गाळ्यांमधली एकुलती एक वाट होती. समोरच वास्तुरचनाकार पीट ब्लोम यांनी उभारलेली 1984 सालची तिरकी घनाकृती घरे आहेत. परक्याचे घर आतून पाहण्याची हौस असणाऱ्यांसाठी तिथे एक घर रीतसर खुले ठेवलेले आहे. तिकीट काढावे, आत जावे, हवे तितके पाहावे. पण तिथे जायला पन्नास पावले चालावे लागते आणि मुख्य म्हणजे तिथल्या स्वयंपाकघरात कोणी दचकत नाही. मग मजा ती काय? कोणाच्या घराच्या खिडकीत डोकावू नये हे आपल्याला लहानपणी शिकवलेले असते. विमानात बसले की ते बहुधा सामानाबरोबर चढत नाही.

एवढे सगळे होऊन अखेर पाव काखेत आणि कागदात गुंडाळलेले चीज हातात घेऊन मी दाराकडे निघालो, तेव्हा मघाचेच कुटुंब मधल्या वाटेत रीलची तयारी करत होते. “अहो, थोडे मागे व्हा ना, वरचा मासा अर्धाच येतोय,” असे त्या बाईंनी यजमानांना सांगितले आणि मग, मी मराठी आहे हे माझ्या पुटपुटण्यावरून ओळखून, अतिशय गोड आवाजात मला विचारले, “काका, तुम्ही जरा फ्रेमच्या बाहेर व्हाल का? तुमची ती पिशवी मध्ये येते आहे.”

ताई, तो बाजार आहे. त्यात पिशवी मध्ये येत नाही, तुम्ही मध्ये येता. सकाळपासून उभ्या असलेल्या त्या विक्रेतीचे पोट तुमच्या कौतुकाने भरत नाही, आणि तिने भार टाकून कापलेल्या चीजचे चार-चार तुकडे फुकट खाऊन वर त्यांना नावे ठेवणे हा निव्वळ हलकटपणा आहे. मग ते करणारा कोणत्याही देशाचा असो, आणि आपल्या भाषेत बोलणारा असला तर मला दुप्पट लाज वाटते. छत पाहू नका असे कोण म्हणतो? मीही तोंड उघडे टाकून पाहिले. पाहण्यासारखेच आहे ते. पण एका कडेला उभे राहून पाहा, फोन पाच मिनिटे खिशात ठेवा, आणि ज्या गाळ्यावर चाखले तिथून निदान मूठभर तरी काही विकत घ्या. खिडकीतल्या बाईंना सुखाने कप धुऊ द्या. आणि दारातून बाजूला व्हा, बाजूला! मागे माणसे खोळंबली आहेत.