"घरच्यांचं ऐकलं असतं तर..."

श्रद्धा वालकरचे वडील गेले. विकास वालकर. आज, 9 फेब्रुवारी 2025 ला सकाळी, वसईत, हृदयविकाराच्या झटक्याने. बातमी वाचली आणि पोटात गोळा आला. काही लिहायचं नाही असं ठरवलं होतं, पण बातमीखालच्या प्रतिक्रिया वाचल्या आणि राहवलं नाही. पहिलीच प्रतिक्रिया: "मुलीने घरच्यांचं ऐकलं असतं तर आज दोघंही असती." खाली लाईकचा ढीग. त्यात माझ्या ओळखीची नावंसुद्धा.

बाप गेला त्या दिवशीही तुम्हाला मेलेल्या मुलीचीच चूक सापडते?

त्या माणसाचं मागणं काय होतं, तर पोरीच्या अस्थी. मे 2022 मध्ये दिल्लीत, छतरपूरच्या भाड्याच्या घरात तिचा गळा दाबून खून झाला, असं पोलिसांचं म्हणणं आहे. तिच्यासोबत राहणारा आफताब पूनावाला नोव्हेंबरमध्ये पकडला गेला. मेहरौलीकडच्या जंगलातून हाडं गोळा केली गेली आणि डीएनए जुळला. तेव्हापासून ती हाडं मुद्देमाल आहेत. खटला चालू आहे तोवर पुरावा म्हणून ती ठेवावी लागतात. कायद्याचं कारण समजतं मला, पण म्हणून एका बापाने मुलीला अग्नी देण्यासाठी किती वर्षं थांबायचं? त्यांनी अर्ज केले, हात जोडले, खटला फास्ट ट्रॅकवर चालवा म्हणून सांगून थकले. आणि आज तेच गेले.

आरोप अजून सिद्ध झालेला नाही, निकाल कोर्टच देईल, हे मला माहीत आहे. त्यावरून मला शिकवायला कुणी येऊ नका.

मी हा खटला पहिल्यापासून वाचते आहे. माझी मामेबहीण, आमची ताई, त्याचं कारण आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी ती एका मुलाबरोबर राहायला गेली, लग्न न करता. मामाने सांगून टाकलं, माझ्यासाठी ती मेली. घरातला तिचा फोटो काढला. दिवाळीला तिचं नाव कुणी घ्यायचं नाही. आणि प्रतिक्रिया लिहिणाऱ्यांनी हे नीट ऐका. तो मुलगा आमच्याच जातीचा होता, आमच्याच तालुक्यातला. मामाकडे गणपतीला जेवून गेलेला. त्याने ताईला पहिल्यांदा मारलं तेव्हा त्यांना एकत्र राहायला लागून वर्षही झालं नव्हतं.

तेव्हा मला 'आपला-परका' सांगू नका. नोव्हेंबर 2022 मध्ये श्रद्धाच्या नावाने आपल्याकडे काय चाललं होतं ते मी विसरलेले नाही. रोहिणीच्या प्रयोगशाळेबाहेर आरोपीच्या गाडीवर लोक तलवारी घेऊन धावून गेले आणि चॅनेलवाल्यांनी ते दिवसभर दाखवलं. डिसेंबरमध्ये आपल्या राज्य सरकारने आंतरधर्मीय विवाहांची माहिती ठेवायला समिती नेमली, तीही याच केसचं नाव घेऊन. म्हणजे पुन्हा पहारा कुणावर, तर मुलींवर. तिने कुणावर प्रेम केलं याची नोंद सरकार ठेवणार. तिला कोण मारतंय याची नोंद तर तिने स्वतःच केली होती, तिचं काय केलंत?

हो, केली होती. अनेकांना हे आठवतही नसेल, म्हणून पुन्हा लिहिते. 23 नोव्हेंबर 2020. दिल्लीला जाण्याच्या दीड वर्ष आधी. ती नालासोपाऱ्याच्या तुळिंज पोलीस ठाण्यात गेली आणि लेखी तक्रार दिली. तो मला सहा महिने मारतोय. आज गळा दाबून मारायचा प्रयत्न केला. मारून तुकडे करून फेकून देईन अशी धमकी देतो. हे सगळं त्या कागदावर आहे. त्याच दिवसांत तिने कामावर कळवलं होतं की कालच्या मारामुळे अंग दुखतंय, उठवत नाही, आज येऊ शकणार नाही. चेहऱ्यावर वळ असलेला तिचा फोटो नंतर सगळ्यांनी फॉरवर्ड केला, पण ती जिवंत असताना तो फोटो ज्यांनी बघायला हवा होता त्यांनी काय केलं?

19 डिसेंबरला तिने लिहून दिलं की आमच्यातला वाद मिटलाय. तक्रार बंद.

आता कुणीतरी म्हणेल की तिनेच लिहून दिलं, पोलीस काय करणार? ठीक आहे, पोलिसांपुढेही अडचण असते, मान्य करते. पण गळा दाबून जीव घ्यायचा प्रयत्न हा नवराबायकोचा रुसवा नव्हे. तो दखलपात्र गुन्हा आहे, आणि आपसात मिटवता येण्यासारखा तर नाहीच. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की एफआयआर नोंदवायलाच हवा, हे सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने 2013 मध्येच सांगून ठेवलंय. आणि लग्न झालेलं नसलं तरी घरगुती हिंसाचाराचा 2005 चा कायदा तिला लागू होत होता. लग्नासारखं एकत्र राहणाऱ्या बाईलाही त्यात संरक्षण आहे. तिला हे कुणी सांगितलं होतं का?

ताईला तरी कुणी सांगितलं नव्हतं. सुजलेला डोळा घेऊन ती चौकीत गेली तेव्हा पहिला प्रश्न आला, "नवरा आहे का?" नाही म्हटल्यावर दुसरा, "मग राहतेस कशाला?" एनसी, म्हणजे नुसती अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, लिहून घेतली आणि घरी पाठवलं. घरी म्हणजे त्याच्याच घरी! मग काही दिवसांनी दोघांना बोलावलं. सोबत त्याचे आईवडील. त्याची आई पाया पडून रडली, साहेब म्हणाले, पोराचं आयुष्य कशाला बरबाद करतेस, लिहून दे. ताईने लिहून दिलं. खूप नंतर एकदा मी तिला विचारलं, का गं सही केलीस? ती म्हणाली, "सही केली की निदान आज रात्री मारणार नाही असं वाटलं."

हे वाक्य मला श्रद्धाच्या त्या दुसऱ्या कागदाबद्दल वाचताना आठवलं. तेव्हापासून ते डोक्यातून जात नाही. ज्याच्यासोबत त्याच छपराखाली परत जायचंय, त्याच्याविरुद्धची तक्रार एखादी मुलगी मागे घेते तेव्हा ती 'स्वखुशीने' घेते, असं तुम्ही मानता? खरंच? आपल्या आजूबाजूच्या बायकांना एकदा विचारून बघा.

नोव्हेंबर 2022 मध्ये सगळ्या चॅनेलांवर तो फ्रीज होता. तीनशे लिटरचा. पस्तीस तुकडे. करवत कुठून आणली, अमुक कसं धुतलं. आमच्या लोकलच्या डब्यात बायका त्याच्याबद्दलच बोलत होत्या, अंगावर काटा आणत होत्या आणि पुढचं विचारत होत्या. आरोपपत्रातला मजकूर दाखवू नका म्हणून शेवटी दिल्ली हायकोर्टाला चॅनेलांना बजावावं लागलं. नोव्हेंबरच्या त्या दिवसांत ताई आमच्याकडे आली होती. टीव्ही चालू होता. घरातले सगळे फ्रीजबद्दल बोलत होते. ताईने एकच विचारलं, "त्या पत्राचं पुढे काय झालं?" कुणालाच सांगता आलं नाही. त्या तक्रारीवर पोलिसांनी काय केलं याच्या चौकशीची घोषणा झाली होती, हे खरं. त्यातून एका तरी ठाण्यातली एक तरी पद्धत बदलली का, ते मला कुणीतरी दाखवा.

आणि खटला? जानेवारी 2023 मध्ये 6,629 पानांचं आरोपपत्र आलं. 9 मे रोजी साकेत कोर्टाने खून आणि पुरावा नष्ट करणे, कलम 302 आणि 201, असे आरोप निश्चित केले. आरोपीने गुन्हा नाकारला. जूनपासून साक्षी सुरू झाल्या. भावाने दिली, वडिलांनी दिली. साक्षीदार दीडशेच्या वर. म्हणजे जे खरोखर महत्त्वाचं, शपथेवर सांगितलं जाणारं, उलटतपासणीत टिकणारं किंवा न टिकणारं, ते आता कुठे सुरू झालं होतं. आणि नेमके तेव्हाच आपण सगळे उठून गेलो. बातमी आतल्या पानावर, मग कोपऱ्यात, मग कित्येक महिने नाहीच. तलवारवाल्यांपैकी कोणी तारखेला जातं का? समितीवाले जातात का? वसईहून दिल्लीला तारखेसाठी जायचं म्हणजे किती पैसे, किती रजा, किती रात्री लागतात, याचा हिशेब कोणी त्या घराला विचारला?

एवढं लिहिल्यावर जरा शांत झालेय. एक गोष्ट लिहायला हवी, कारण आज ते गेलेत आणि मला त्यांच्याबद्दल खोटं गोड लिहायचं नाही. मुंबईतल्या पत्रकार परिषदेत विकास वालकर म्हणाले होते की अठरा वर्षांनंतर मुलांना मिळणाऱ्या स्वातंत्र्याचा विचार व्हायला हवा. मला ते पटलं नव्हतं, आजही पटत नाही. पण ज्या बापाची पोर अशी गेली तो काय बोलेल यावर मी वाद घालणार नाही. त्यांचा त्या नात्याला विरोध होता, तो त्यांनी कधी लपवलाही नाही. पण त्याच पत्रकार परिषदेत त्यांनी पोलिसांनाही प्रश्न विचारले होते: वेळेवर दखल घेतली असती तर माझी मुलगी जिवंत असती. प्रतिक्रियावाल्यांनी त्यांचं पहिलं वाक्य उचललं आणि दुसरं सोडून दिलं. आपल्याला सोयीचा तेवढाच बाप घेतला.

आणि तिची आई. ती जानेवारी 2020 मध्ये गेली. म्हणजे श्रद्धाने ते पत्र लिहिलं तेव्हा आई जाऊन दहा महिने झाले होते. मित्र होते, सहकारी होते, ते धावलेही. पण आई नव्हती.

ताईला आई होती, म्हणजे माझी मामी. मामाने 'मेली' म्हटल्यावर मामीने तोंडातून शब्द काढला नाही, पण भाजीला जाते सांगून खाली उतरायची आणि फोन करायची. दर आठवड्याला, न चुकता. "जेवलीस का, पगार झाला का, खोकला गेला का." का गेलीस, आमचं नाक कापलंस, तो कसा वागतो, यातलं एक अक्षर नाही. ताई पहिल्यांदा खोटं बोलली, बाथरूममध्ये घसरले म्हणाली. मामीला कळलं होतं. ती एवढंच म्हणाली, "रात्रीबेरात्री ये. तुझे बाबा झोपले की कडी मी काढून ठेवते."

ताई आली. रात्री, एका पिशवीत कपडे कोंबून, शेवटच्या लोकलने. आणि सकाळी मामा काय म्हणाला माहितीये? "मी सांगितलं होतं ना?" मामीने आयुष्यात पहिल्यांदा नवऱ्याला सगळ्यांसमोर गप्प केलं. म्हणाली, हे वाक्य या घरात पुन्हा बोलायचं नाही. मामा बोललाही नाही नंतर. फार बोलका माणूस नव्हता तो, पण ताईला पुढे कोर्टात सोबत घेऊन जाणारा तोच होता. मी मामावर अजून रागावते, पण हे श्रेय त्याला द्यायला हवं.

"घरच्यांचं ऐकलं असतं तर" लिहिणाऱ्यांनो, म्हणूनच तुमच्यावर एवढी चिडलेय. तुम्हाला वाटतं तुम्ही मेलेल्या मुलीबद्दल लिहिताय. ते वाचतायत जिवंत मुली. आत्ता, या क्षणी, वसईत, पुण्यात, हिंजवडीच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये, बंगळुरूत, कुणीतरी दार लावून बाथरूममध्ये बसून तुमची प्रतिक्रिया वाचतेय. तिच्या मनात घरी फोन करायचं आलं होतं. तुम्ही तिला आत्ताच सांगितलंत की घरी काय ऐकायला मिळेल. मग ती फोन खाली ठेवते आणि त्याचीच समजूत घालायला बाहेर जाते. तुमच्या त्या लाईकने हे होतं.

मुलींनी माणूस पारखून घ्यावा, सावध राहावं, हे चुकीचं आहे का? नाही, चुकीचं नाही. सांगा की. पण आधी सांगा, प्रेमाने सांगा, आणि निघून गेल्यावर सांगू नका.

माझ्या यादीत ज्यांनी ती प्रतिक्रिया लाईक केली आहे, त्यांनी मला यादीतून काढलं तरी चालेल. चर्चा करायला इनबॉक्समध्ये येऊ नका. आज नाही.

बाकीच्यांसाठी, म्हणजे ज्यांच्यासाठी हे खरं लिहितेय: तक्रार द्यायला एकट्या जाऊ नका. अर्जाची पोच घ्या, शिक्का आणि तारीख असलेली, आणि तिचा फोटो काढून दुसऱ्या कुणाला तरी पाठवून ठेवा. एनसीवर भागवत असतील तर एफआयआरच हवा म्हणून लेखी द्या. ठाण्यात ऐकत नसतील तर तोच अर्ज वरिष्ठ अधिकाऱ्यांना पोस्टाने पाठवता येतो. घरगुती हिंसाचाराच्या त्याच कायद्याखाली जिल्ह्याला संरक्षण अधिकारी असतात, त्यांच्याकडे थेट जाता येतं, लग्नाचा दाखला लागत नाही. 181 (महिला हेल्पलाइन) आणि 112 (तातडीची मदत) हे नंबर फोनमध्ये दुसऱ्या नावाने सेव्ह करा. आणि 'मिटलंय' असं लिहून द्यायला बोलावलं, तर त्या दिवशी तर अजिबात एकटीने जायचं नाही. ताईने हे आज मला फोनवर एकेक करून सांगितलं आणि म्हणाली, जसंच्या तसं लिही.

वसई-विरार पट्ट्यातल्या कुणाला ठाण्यात जायला सोबत हवी असेल तर मेसेज करा. का गेलीस, का राहिलीस, काही विचारणार नाही. मी येईन, ताईपण येईल.