वाट कुणाची ते आधी ठरवा

ठाण्यात नौपाड्यातल्या आमच्या सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत या वेळी कुत्र्यांवरून दोन ठराव आले. पाळीव कुत्र्यांना मागच्या जिन्यानंच न्यायचं, पुढची लिफ्ट आणि बाग त्यांना बंद, हा पहिला. फाटकाशी भटक्या कुत्र्यांना खायला घालणाऱ्यांकडून दंड घ्यायचा, हा दुसरा. रात्री उशिरापर्यंत वादावादी झाली आणि दोन्ही ठराव पुढच्या सभेवर गेले. दादानं सगळं कळवलं आणि शेवटी विचारलं, "तुमच्या बेटावर म्हणे लोक कुत्री घेऊन डोंगरभर हिंडतात. तिथं कसं जमतं? लिही जरा, ग्रुपवर टाकतो." चार ओळींत मावणारं नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

मी राहते ते आयल ऑफ वाइट हे इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यालगतचं बेट. क्षेत्रफळ साधारण ३८० चौरस किलोमीटर, वस्ती एक लाख चाळीस हजारांच्या आसपास. पूर्वेच्या कल्व्हरपासून पश्चिमेच्या नीडल्स सुळक्यांपर्यंत खडूच्या पांढऱ्या दगडाची टेकड्यांची रांग बेटाच्या मधून जाते. सगळ्यात उंच टेकडी व्हेंटनर गावावरची, २४१ मीटर. आपल्या सह्याद्रीपुढे ही उंची काहीच नाही, पण टेनिसन डाउन या टेकडीच्या माथ्यावर उभं राहिलं की एका बाजूला खाली उभा तुटलेला पांढरा कडा आणि खुला समुद्र, दुसऱ्या बाजूला सोलेंट या सामुद्रधुनीची चिंचोळी पट्टी आणि पलीकडे इंग्लंडची भूमी दिसते. वारा इतका की बोलणं ऐकू येत नाही. आमची कुत्री ठकी कान मागे टाकून त्या वाऱ्यात तोंड धरून उभी राहते, तेव्हा तिला ओढून न्यावंसं वाटत नाही.

बेटावर पायवाटांचं जाळं ८०० किलोमीटरच्या पुढे आहे. त्यातल्या बहुतेक वाटा शेतांतून, खाजगी कुरणांतून जातात. कुंपण आलं की माणसानं चढून ओलांडायच्या दोन लाकडी पायऱ्या असतात. पुष्कळ ठिकाणी त्यांच्या शेजारी कुंपणात एक उभी फळी बसवलेली असते. वरचं टोक धरून ती उचलली की खाली कुत्र्यापुरती फट होते. कुत्रं पलीकडे गेलं की सोडून द्यायची, ती आपल्या वजनानं खाली बसते. ठकीला ही फळी आता इतकी ओळखीची झाली आहे की मी हात घालायच्या आधीच ती नाक लावून तयार असते. मेंढरू बाहेर पडू नये, माणसाची वाट अडू नये आणि म्हाताऱ्या बाईला वीस किलोचं कुत्रं उचलावं लागू नये, या तिन्हींचा विचार करून कुणीतरी ती फळी बसवली आहे. मला या बेटावरची सगळ्यात आवडती वस्तू कोणती विचारलं तर मी तीच सांगेन.

"तिकडची माणसंच शिस्तीची, आपल्याकडे जमायचं नाही," असं घरून नेहमी ऐकते. मला हे अजिबात पटत नाही. कुत्र्याची घाण पिशवीत भरून ती पिशवी झुडपाला लटकावून जाणारे इथंही आहेत. मेंढरांच्या कळपात कुत्रं मोकळं सोडणारे आहेत, आणि दर वसंतात त्यावरून शेतकऱ्यांची चिडचिड होते. माणसं सगळीकडे सारखीच. फरक आहे तो असा की इथं वाट कुणाची हे आधी ठरलं, कुत्र्याचं नंतर.

तेही सहज ठरलेलं नाही. १९३२ साली मँचेस्टरकडचे कामगार तरुण किंडर स्काउट नावाच्या डोंगरावर जमीनदारांची मनाई मोडून चढले. त्यातल्या काहींना तुरुंगवास झाला. १९४९ साली कायदा आला आणि सार्वजनिक पायवाटा अधिकृत नकाशावर नोंदवणं स्थानिक प्रशासनांवर बंधनकारक झालं. एकदा नकाशावर आली की ती वाट शेतमालकालाही बंद करता येत नाही. त्याला आवडो न आवडो, मी आणि ठकी त्याच्या गव्हातून जाऊ शकतो. मात्र वाट सोडून नाही.

हक्क पक्का असल्यामुळे निर्बंधही नेमके घालता येतात. कायद्यानं मोकळ्या केलेल्या माळांवर १ मार्च ते ३१ जुलै या काळात कुत्र्याला दोन मीटरपेक्षा लांब दोरी चालत नाही, कारण तेव्हा चंडोल जमिनीवर घरटी करतात. गुरं-मेंढरं जवळ असतील तिथं हा नियम बारा महिने. कुत्रं मेंढरांवर धावून गेलं आणि थांबवायचा दुसरा मार्ग उरला नाही, तर शेतकरी त्याला गोळी घालू शकतो. कायदा त्याला संरक्षण देतो. गर्दीच्या काही किनाऱ्यांवर उन्हाळाभर कुत्र्यांना बंदी, हिवाळ्यात ते मोकळे. २०१६ पासून प्रत्येक कुत्र्याच्या कातडीखाली मालकाची नोंद असलेली चिप लागते. कुठे, कधी, किती, हे सगळं ठरलेलं आहे. सरसकट "चालेल" किंवा "चालणार नाही" असं कुणी म्हणत नाही.

आता ठाण्याकडे येते. मी ज्या इमारतीत वाढले तिथल्या कुत्र्याला दिवसातून दोनदा बाहेर जावंच लागतं. जाणार कुठे? फूटपाथवर दुचाकी आणि टपऱ्या, सर्व्हिस रोडवर मेट्रोचं काम, नाक्यावरच्या उद्यानाच्या फाटकावर प्राण्यांना मनाई. उरते सोसायटीची बाग आणि पार्किंग. तिथंच लहान मुलं खेळतात, तिथंच आजोबा शतपावली करतात. भांडण बागेत होतं, कारण बागेबाहेर चालायला वाट नाही. त्याच कारणानं आजोबाही बागेतच अडकलेत, हे सभेत कुणी बोलत नाही. मग लिफ्टवर ठराव येतात. पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही आणि त्यांना लिफ्ट नाकारता येत नाही, असं भारतीय पशु कल्याण मंडळाच्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट आहे. तरी सभा त्याच मुद्द्यावर तास घालवतात, कारण सोसायटीच्या हातात तेवढंच आहे असं सगळ्यांना वाटतं.

भटक्या कुत्र्यांचा प्रश्न वेगळा आहे आणि तो पाळीव कुत्र्यांच्या प्रश्नात मिसळला की दोन्हींचा विचका होतो. "इंग्लंडमध्ये रस्त्यावर कुत्रं दिसतं का?" असं विचारणाऱ्यांना एवढंच सांगायचं आहे की इथं बेवारस सापडलेलं कुत्रं प्रशासन उचलून नेतं, सात दिवस मालकाची वाट बघतं, आणि मग त्याला घर मिळालं नाही तर मारण्याचीही कायद्यात मुभा आहे. हा आदर्श मी तुमच्यापुढे ठेवणार नाही. पण दुसरी बाजू मी हलकी करणार नाही. माझे बाबा पहाटे मासुंदा तलावाकडे जाताना हातात काठी घेतात. रेबीजची लक्षणं दिसू लागली की माणूस जवळजवळ वाचतच नाही. ब्रिटनमधून हा रोग १९२२ सालीच हटला, म्हणून ठकीला कुणी अनोळखी कुत्रं हुंगायला आलं तरी माझ्या पोटात गोळा येत नाही. बाबांना ही निर्धास्ती का मिळू नये?

ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं आधी दिल्ली परिसरातली सगळी भटकी कुत्री निवाऱ्यांत हलवायला सांगितलं, आणि दोनच आठवड्यांत तो आदेश बदलला. नसबंदी आणि लस करून कुत्रं मूळ जागी सोडा, पिसाळलेलं किंवा आक्रमक असेल तर सोडू नका, आणि खायला घालण्यासाठी ठरावीक जागा नेमा. मला हा सुधारलेला आदेश योग्य वाटतो. दंडाचा ठराव करण्यापेक्षा खायला घालायची जागा फाटकापासून आणि शाळेच्या बसथांब्यापासून लांब ठरवा, आणि जो खायला घालतो त्यानंच त्या कुत्र्यांच्या लसीकरणाची मागणी महापालिकेकडे लावून धरावी. शेजारच्या गोव्यानं गावोगाव कुत्र्यांना लस टोचून २०२१ साली राज्य रेबीज-नियंत्रित जाहीर करण्यापर्यंत मजल मारली. तिथली कुत्री गेली कुठेच नाहीत.

या सगळ्यात आपण एक गोष्ट विसरतो. जुनं ठाणं हेही बेटावरच वसलेलं आहे. साष्टी बेटाच्या ईशान्य टोकाला, पाठीशी येऊरचा डोंगर, पूर्वेला ठाण्याची खाडी, उत्तरेला उल्हास नदी वसईच्या खाडीतून समुद्राला जाते. डोंगर आणि पाणी एका नजरेत दिसावं म्हणून लोक बोटीतून आमच्या बेटावर येतात. ते कोलशेत आणि नागला बंदरच्या माणसाला घराबाहेर पडल्यावर दिसायला हवं.

मात्र येऊरबद्दल माझं मत कुत्रं पाळणाऱ्या माझ्या मैत्रिणींना आवडत नाही. येऊरच्या जंगलात कुत्रं नेऊ नये, दोरी बांधूनही नाही. ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे, आणि तिथला बिबट्या कुत्र्याला भक्ष्य म्हणून ओळखतो. एकदा का बिबट्या पाळीव कुत्र्यामागे वस्तीच्या वाटेवर आला की पुढचा आरडाओरडा बिबट्यालाच पकडण्यासाठी होतो. दुसरं म्हणजे रोग. २०१८ साली गीरमध्ये वीसहून अधिक सिंह मेले, आणि त्या साथीत कॅनाइन डिस्टेंपरचा विषाणू सापडला. हा विषाणू कुत्र्यांतही असतो. ज्या तर्कानं मी इथं मार्चमध्ये दोरी आखूड करते, त्याच तर्कानं तिथं कुत्रं घरी ठेवायला हवं.

वाट मागायची ती खाडीकाठाला आणि टेकड्यांवर. नवी मुंबई वसवताना सिडकोनं भरतीच्या वेळी पावसाचं पाणी साठवायला धारण तलाव बांधले. वाशीच्या सागर विहारला आणि नेरुळच्या ज्वेल ऑफ नवी मुंबईला त्यांच्या काठानं चालायला जागा झाली. माझी मावसबहीण नेरुळला राहते. तिच्या कुत्र्याला पहाटे अंधारात फिरवून आणावं लागतं, कारण उजेडात कुणी ना कुणी हटकतं, आणि नियम नेमका काय ते हटकणाऱ्यालाही सांगता येत नाही. पारसिकच्या टेकडीवर तर वाट कुठवर आपली आणि कुठून कुणाची, हेच कळत नाही. महापालिकेनं या वाटांची यादी करावी, नकाशावर घालावी, प्रत्येक वाटेच्या तोंडाशी पाटी आणि कचऱ्याचा डबा ठेवावा. सोसायट्यांनी हेच मागावं, लेखी.

आणि पाटीवर ऋतू लिहावा. ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ साली जाहीर झालं, २०२२ मध्ये ठाणे खाडीला रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला, पण रोहित (फ्लेमिंगो) पक्षी अभयारण्याची हद्द बघून उतरत नाहीत. भरती चढली की ते सीवूड्स-नेरुळच्या पाणथळीत येऊन बसतात. काठावर एक मोकळं कुत्रं धावलं की सगळा थवा उठतो, आणि ज्या वेळात त्यांनी विश्रांती घ्यायची ती उडण्यात जाते. हे पक्षी साधारण नोव्हेंबरपासून मेपर्यंत असतात. त्या महिन्यांत पाणथळीच्या बाजूच्या वाटांवर कुत्रं नकोच, बाकीच्या वाटांवर आखूड दोरी. जून ते ऑक्टोबर सगळे काठ दोरीसह खुले. मावसबहिणीला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "एवढं लिहून दिलं तर मी मेपर्यंत आनंदानं टेकडीच्या बाजूला जाईन, फक्त टेकडीवर जाऊ देतात का ते कुणीतरी सांगा."