ईगल्सचे पूर्वज म्हणून ऐकू नका

कंट्री रॉकचा, म्हणजे अमेरिकन ग्रामीण संगीत आणि रॉक यांच्या मिश्रणाचा, विषय निघाला की आपल्याकडे गाडी ईगल्स या बँडच्या 'हॉटेल कॅलिफोर्निया'वर येऊन थांबते. कॉलेजच्या गॅदरिंगला ज्याच्या हातात गिटार, तो तेच वाजवणार. जरा खोलात शिरलेली मंडळी बर्ड्स या अमेरिकन बँडच्या 'स्वीटहार्ट ऑफ द रोडिओ'चं आणि त्यात गाणाऱ्या ग्रॅम पार्सन्सचं नाव घेतात. तो अल्बम १९६८ चा. त्याच वर्षी ए अँड एम कंपनीने 'द फँटास्टिक एक्स्पिडिशन ऑफ डिलर्ड अँड क्लार्क' काढला. तो कुणाच्या तोंडी नसतो. असलाच तर 'ईगल्सची मुळं इथे सापडतात बरं का' एवढ्यावर त्याची बोळवण होते. सध्या तो पुन्हा लावून बसतोय, आणि ही बोळवण मला दर खेपेला जास्त खटकते.

माणसं कोण, ते आधी सांगतो. जीन क्लार्क हा बर्ड्सचा सुरुवातीचा मुख्य गीतकार, 'एट माइल्स हाय' लिहिणाऱ्यांपैकी एक. विमानात बसायची धास्ती, त्यात प्रसिद्धीचा ताण, म्हणून १९६६ मध्ये बँड सोडला. पुढच्या वर्षी गॉस्डिन बंधूंना घेऊन स्वतःचा अल्बम केला, तर तो काढणाऱ्या कंपनीनेच त्याच सुमाराला बर्ड्सचाही नवा अल्बम बाजारात आणला. घरच्यांनीच सवत उभी केली म्हणायची. क्लार्कचा अल्बम कुठल्या कुठे गेला.

डग डिलर्ड हा क्लार्कसारखाच मूळचा मिसुरीचा, आणि ब्लूग्रासमधला, म्हणजे बँजो-फिडलवाल्या वेगवान अमेरिकन ग्रामीण संगीतातला, पट्टीचा बँजोवाला. 'अँडी ग्रिफिथ शो' ही जुनी अमेरिकन टीव्ही मालिका पाहिलेल्यांना डार्लिंग कुटुंबातली ती एक शब्द न बोलणारी, चेहऱ्यावरची माशीही न हलू देणारी पोरं आठवत असतील. डग त्यातलाच एक. या दोघांच्या जोडीला बर्नी लेडन, डोब्रो (गिटारचाच एक प्रकार) आणि मँडोलिनवर डॉन बेक, बासवर डेव्हिड जॅक्सन. कव्हरवर साइडकारवाली मोटरसायकल आणि तिच्यावर आपले दोन नायक. एकूण नऊ गाणी, अर्ध्या तासात खेळ खलास.

आता मुद्द्याचं. 'आउट ऑन द साइड' हे पहिलं गाणं सोडलं तर अल्बममध्ये ड्रम्स जवळपास नाहीतच. रॉकच्या ऐन भरात, १९६८ मध्ये, हे धाडसच होतं. ताल सांभाळायचं काम बँजो आणि बासकडे. बँजोचा स्वभाव अवखळ, सूर निघतात ते धावतच. आणि त्यावर क्लार्क गातो कसा, तर संथ, जड, शब्दाच्या शेवटी आवाज किंचित खाली सोडून देत. शोकसभेत कुणाचा तरी पाय नकळत ताल धरतोय आणि त्याला कोणी थांबवत नाहीये, तसं काहीसं. 'समथिंग्ज राँग' नीट ऐका. लहानपणीच्या जागा आता तशा राहिल्या नाहीत, एवढाच विषय. दुसऱ्या कोणी त्यावर व्हायोलिनांचा पाऊस पाडला असता. इथे ती साथ गाण्यासाठी थांबत नाही की रडत नाही, आणि म्हणूनच ते आत रुततं. 'विथ केअर फ्रॉम समवन' तर मला अजूनही पुरतं उलगडलेलं नाही. त्यात ब्लूग्रासची हमखास खुशी शोधूनही सापडत नाही.

याच अल्बमवर 'ट्रेन लीव्ह्ज हिअर धिस मॉर्निंग' आहे, क्लार्क आणि लेडनने मिळून लिहिलेलं. बाहीवर पत्ता खरडून आलेला एक माणूस, ती का दुरावली हे त्याला नक्की ठाऊक नाही. योग्य जागी पण नेमक्या चुकीच्या वेळी हजर राहिल्याबद्दल आपले गुण कापले गेले, अशी त्याची तक्रार आहे, आणि तीही तो चिडून करत नाही. लेडन पुढे ईगल्सच्या संस्थापकांपैकी एक झाला आणि १९७२ मध्ये त्यांच्या पहिल्या अल्बमवर हेच गाणं त्याने स्वतः गायलं. ते वाईट नाही. सुबक आहे, स्वर मिळवलेले आहेत, गाडीत लावायला उत्तम. पण त्या माणसाची गोची तिथे नाहीशी होते. गाडी सुटणार आणि हा शांतपणे तीत बसणार, एवढंच उरतं. क्लार्कच्या आवाजात ऐकताना तो चढेल की फलाटावरच राहील याचा पत्ता लागत नाही. (लेडनने १९७५ मध्ये ईगल्स सोडलं. म्हणजे 'हॉटेल कॅलिफोर्निया'त तो नाहीच. पैजेवर चहा जिंकायला उपयोगी माहिती.)

सगळंच सोनं आहे असं नाही. 'गिट इट ऑन ब्रदर' मला भरतीचं वाटतं. बँजोला एकदा मोकळं सोडायचं होतं, सोडलं. नंतरच्या सीडीवर जोडलेलं 'डोन्ट बी क्रूएल' पुढे ढकललंत तरी चालेल. 'व्हाय नॉट युवर बेबी' मात्र ढकलू नका. १९६९ मध्ये निघालेला दुसरा अल्बम पाहुण्या, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेल्या, गाण्यांनी भरलेला आहे. तोवर लेडन निघून गेला होता, आणि वर्ष सरता सरता क्लार्कही बाहेर पडला. तरी रॉबर्ट प्लांट आणि ॲलिसन क्राऊस या गायकांनी २००७ च्या 'रेझिंग सँड'साठी क्लार्कची दोन गाणी उचलली ती याच दुसऱ्या अल्बमवरून. त्या रेकॉर्डला वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचं ग्रॅमी मिळालं. क्लार्क १९९१ मध्येच गेला होता, त्यामुळे त्याच्या वाट्याला नेहमीसारखं काहीच आलं नाही.

माझा राग मूळ आणि फांद्यांच्या त्या वंशावळीवर आहे. वंशावळीत बसवलं की ऐकणारा यात पुढच्याची चाहूल शोधत बसतो, 'अरे, इथे ईगल्ससारखं वाटतंय' म्हणत. या पाच जणांना पुढचं काहीच माहीत नव्हतं. ब्लूग्रासवाल्यांना यात पॉपचा भेसळमाल दिसला असेल आणि रॉकवाल्यांना गावंढळपणा, पण वाजवताना ते दोघांपैकी कुणाचंच मन राखत नाहीयेत. कंट्री वाजवायचं म्हणून काउबॉयची टोपी घालून बसल्याचा आव कुठेच नाही. 'स्वीटहार्ट'मध्ये तो अधूनमधून जाणवतो, हे मी म्हणालो की वाद होतो. होऊ दे.

पहिल्यांदा ऐकणार असाल तर 'आउट ऑन द साइड'पासून सलग ऐका, शफल बंद ठेवून. ईगल्सचं 'ट्रेन' माहीत नसेल तर उत्तम, ते नंतर ऐका. आणि दोन्हींतलं कोणतं आवडलं ते खाली भांडून सांगा.