अत्र्यांचा दाखला इथे चालत नाही : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

प्रचारसभांमधल्या विखारी भाषेवर मी लिहिलेला लेख तुम्हाला पांढरपेशा सोवळेपणाचा वाटला. सभा म्हणजे साहित्य संमेलन नव्हे, अत्र्यांनीही विरोधकांना सोलून काढलं होतं, मतदार शहाणा आहे आणि मी एकाच बाजूला झोडपतो, असं तुमचं म्हणणं. सविस्तर लिहिलंत, म्हणून मीही सविस्तर लिहितो.

आधी आचार्य अत्रे. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात मुंबईचे काँग्रेस नेते स. का. पाटील आणि तेव्हाचे मुख्यमंत्री मोरारजी देसाई यांच्यावर त्यांनी ओढलेले आसूड मलाही प्रिय आहेत. पण समोर कोण होतं? २० नोव्हेंबर १९५५ला चौपाटीवरच्या सभेत पाटलांनी बजावलं की पाच हजार वर्षांतही मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही. दुसऱ्याच दिवशी फ्लोरा फाउंटनला गोळीबार झाला, माणसं मेली. सरकार, पोलीस, दिल्ली सगळं पाटील-देसाईंच्या बाजूचं होतं. अत्र्यांच्या प्रत्येक वाक्याची वकिली मी करणार नाही, पण त्यांचा मुख्य मारा सत्तेवर होता, आणि सत्तेकडे उलट उत्तर द्यायची सगळी साधनं होती. रांगड्या भाषेशी माझं भांडण नाहीच. गावच्या पारावरची भाषा सभेत आली तर सभेला जीव येतो.

माझं भांडण आहे ते व्यासपीठावर नसलेल्या माणसाला ओढून मारण्याशी. ऑक्टोबर २०२४मध्ये संगमनेर तालुक्यातल्या धांदरफळच्या सभेत काँग्रेस नेते बाळासाहेब थोरात यांच्या कन्या जयश्री थोरात यांच्याबद्दल जे बोललं गेलं ते मी इथे पुन्हा लिहिणार नाही. राजकीय वैर वडिलांशी, घाव मुलीवर. त्या रात्री तालुक्यात गाड्या जळल्या. त्याच विधानसभा निवडणुकीत महाविकास आघाडीच्या अरविंद सावंतांनी विरोधी उमेदवार शायना एन.सी. यांच्याबद्दल ‘माल’ हा शब्द वापरला, आणि महायुतीच्या सदाभाऊ खोतांनी जतच्या सभेत शरद पवारांच्या चेहऱ्यावरून टिप्पणी केली. दुर्धर आजारातून उठलेल्या माणसाचा चेहरा! सावंत आणि खोत एकमेकांविरुद्धच्या आघाड्यांतले होते, तेव्हा एका बाजूचा आरोप मला मान्य नाही.

‘मतदार बरोबर ठरवतो’ हे मात्र मला सगळ्यात जास्त खटकलं. डिसेंबर १९८७ची विलेपार्ल्याची पोटनिवडणूक आठवा. शिवसेनेच्या पाठिंब्यावर रमेश प्रभू जिंकले. बाळासाहेब ठाकरे यांच्या भाषणांत धर्माच्या नावावर मतं मागितली गेली आणि मुसलमानांबद्दल अपमानकारक शब्द वापरले गेले, म्हणून उच्च न्यायालयाने १९८९मध्ये ती निवड रद्द केली. सर्वोच्च न्यायालयाने ११ डिसेंबर १९९५ला ते कायम केलं आणि भाषणांतल्या भाषेचा स्पष्ट शब्दांत धिक्कार केला. पुढे ठाकरे यांचा मताधिकार सहा वर्षांसाठी गेला. म्हणजे मतदाराने कौल दिला होता, आणि तरीही ती निवड कायद्यात बसली नाही. ज्या वस्तीबद्दल बोललं गेलं, तिने काय ठरवायचं? निकालानंतर नेता पुढच्या मतदारसंघात जातो. त्या वस्तीतल्या माणसाला त्याच शेजाऱ्याकडे किराणा घ्यायचा असतो, त्याच शाळेत मूल पाठवायचं असतं.

शिवाय वेळ बघा. १९८७ची निवडणूक, अंतिम निकाल १९९५चा. तोवर त्या विधानसभेची मुदत संपून पाच वर्षं झाली होती. निवडणूक आयोगाची आचारसंहिता सांगते की टीका धोरण, कार्यक्रम, आजवरची कामगिरी यांच्यावर करा, खासगी आयुष्यावर नको. पण ती स्वतः कायदा नाही. आयोगाने मनावर घेतलं तर हात हलतो: एप्रिल २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जाब विचारल्यावर योगी आदित्यनाथांना ७२ तास आणि मायावतींना ४८ तास प्रचारबंदी झाली. ऐन प्रचारातले तीन दिवस गमावणं नेत्याला झोंबतं. हे दर निवडणुकीत, प्रत्येक पक्षाला, न्यायालयाने टोचण्याआधी का होत नाही, हा माझा राग आहे, आणि तो सोवळेपणाचा नाही.

शेवटी तुम्ही विचारलंत, ‘मग करायचं काय?’ पहिली जबाबदारी मी त्याच बाजूच्या माणसांवर टाकतो. अजित पवार खोतांच्याच महायुतीत होते, काका शरद पवारांशी उभा दावा होता, तरीही त्यांनी खोतांच्या वक्तव्याचा जाहीर निषेध केला. खोतांना माफी मागावी लागली. माझी अपेक्षा याहून थोडी जास्त आहे: हा निषेध दुसऱ्या दिवशी नको, त्याच व्यासपीठावर, वक्ता माईकसमोर उभा असतानाच व्हावा.